सोळा वाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्यांनाही नाही. दहिसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक दगडखाण होती. तिची खोली एकोणतीस मीटर आहे हे मला ठाऊक होतं, आणि नकाशावर मी अठरा लिहिली. खाली सही केली. स्वतंत्रपणे केलेली ती माझी पहिली सही. ती करण्यापूर्वी मी टेबलावरचं साधं पेन बाजूला ठेवून खिशातलं चांगलं पेन काढलं होतं.

इतकी वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट लिहायला घेतली तर चार ओळींत मावते, याचं मलाच नवल वाटतं. पण पाऊस मागे सरला, हवेत तो चिकट, तापलेला वास भरला, रस्त्याकडेच्या कुर्डूला पांढरे तुरे आले, की ती गोष्ट परत येऊन शेजारी बसते. यंदाही आली आहे.

मुंबईत या दिवसांना कुणी ऋतू मानत नाही. ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखा एक घर पुढे सरकवतात. खाणीवर मात्र हाच वर्षारंभ असायचा. चार महिने खड्डा पाण्याने भरलेला. गणपती गेले की डिझेलचे पंप लागायचे आणि पाणी उपसायला सुरुवात व्हायची. धक् धक् असा एकसुरी आवाज दिवसभर डोंगरावर आपटून परत यायचा. पाणी मोरचुदाच्या रंगाचं, स्थिर, वर चतुर उडताहेत. रोज वीतभर खाली जायचं आणि भिंतीवर ओला काळा पट्टा उघडा पडायचा. त्या ओल्या कातळाला एक वास असतो. डिझेल, शेवाळं आणि नुकत्याच फोडलेल्या दगडाची ती जळकट धार, सगळं त्यात असतं. आजही एखाद्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्याजवळून गेलो की तो वास येतो आणि माझी पावलं मंदावतात.

मी खाणींचे आराखडे करतो. लोकांना वाटतं, खाणीला कसला आराखडा? सुरुंग लावायचा, कातळ फोडायचा, क्रशरमध्ये भरडायचा, खडी डंपरमध्ये भरायची. पण कुठून किती खणायचं, भिंतीला किती उतार ठेवायचा, पाणी कुठे वळवायचं, हे सगळं आधी कागदावर ठरवावं लागतं. आणि आमच्या कामातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की, खाण कशी चालवायची हे लिहिताना ती बंद कशी करायची हेही त्याच कागदात लिहावं लागतं. खड्डा कशाने भरायचा, किती थरांत भरायचा, वर कोणती झाडं लावायची. बारशालाच मृत्युपत्र लिहून ठेवावं तसं. तरुणपणी मला या गोष्टीचं फार अप्रूप होतं. डोंगराला जखम करणारे पुष्कळ आहेत, ती बुजवायची कशी हे लिहिणारा मी आहे, असं काहीतरी मनात असायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही. मला मुळातच बोलता येत नाही फारसं.

त्या वर्षी मी एकतीस वर्षांचा होतो. खाणीचं आयुष्य तीन-चार वर्षांचं उरलं होतं आणि नवा आराखडा करायचा होता. कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून मी रोज साइटवर जायचो. तिथे माझी गाठ तावडेमामांशी पडली.

तावडेमामा म्हणजे खाणीचे मुकादम. कणकवलीकडचे. गिरणी बंद पडली तेव्हा ते साच्यावरून थेट सुरुंगावर आले. अंगाने काटक, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. मला 'सायबा' म्हणायचे आणि त्याच दमात अरेतुरे करायचे. मला ते आवडायचं. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्या नकाशावर ठेवायचे. 'खा रे. नकाशान पोट भरणा नाय.'

खाणीच्या दक्षिण कोपऱ्यातलं पाणी कधीच पूर्ण उपसत नसत. क्रशरची धूळ बसवायला पाण्याचा फवारा लागायचा, त्यासाठी तो कोपरा राखून ठेवलेला. त्यामुळे त्याचा तळ कुणी पाहिलेला नव्हता, म्हणजे आमच्यासारख्या कागदवाल्यांपैकी कुणी. मंजुरी अठरा मीटरची होती. तेवढंच खणलंय, असं प्रत्येक जुन्या नकाशात लिहिलेलं होतं. मी मामांना विचारलं, 'मामा, इथे खरंच अठराच आहे का हो?'

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, 'तुका खरा व्हया की बरा व्हया?'

दुसऱ्या दिवशी चार रिकामी पिंपं बांबूंना बांधून त्यांनी तराफा केला. पंप अजून लागले नव्हते, खड्डा काठोकाठ भरलेला होता. आम्ही दोघं त्या कोपऱ्यात गेलो. त्यांनी एका काथ्याच्या दोराला पाच किलोचा दगड बांधला आणि दोर वावांनी मोजत खाली सोडायला लागले. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर. कोकणातले दर्यावर्दी पाण्याची खोली असंच मोजतात. मामा पाय पाण्यात सोडून बसले होते. प्रत्येक वावेला हात पसरायचे, छाती पुढे यायची, मोठ्याने आकडा म्हणायचे, मग दोर सोडायचे. देवळात प्रदक्षिणा मोजाव्यात तसा त्यांचा आवाज लागला होता. दहानंतर मी वहीतून डोकं वर काढलं. बारा. तेरा. पाण्यात आमची सावली हलत होती. सोळाला दोर ढिला पडला.

त्यांनी तो वर ओढला, थोडं बाजूला सरकून परत सोडला. साडेपंधरा. तिसऱ्यांदा पुन्हा सोळा.

'माका वाटला पंधरा भरात,' मामा म्हणाले. 'सोळा आसत. लिव.'

'मामा, एक वाव म्हणजे किती धरायचं?'

'माझो माझ्या हाताएवढो, तुझो तुझ्या हाताएवढो.' आणि माझ्या बारीक दंडांकडे बघून हसले. 'तुझ्या हातान मोजलंव तर वीस होतीत रे.'

काठावर आल्यावर मी तो ओला दोर जमिनीवर सरळ पसरला आणि पोलादी टेपने मोजला. एकोणतीस मीटर आणि वर थोडं. फील्डबुकात पेन्सिलीने लिहिलं, भोवती गोल केला. मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, 'आमी खणला ता चुकलाच. खालचो दगड काळो, चांगलो. शेठ म्हणालो, घेवा आणखी थोडो. आमी घेतलंव. पण आता भरूचा आसा. भरताना खरा लिव, सायबा. वर उद्या कोण रवतलो, कोणाक म्हायत?'

भरायचं काम उलटं असतं. खड्डा जितका खोल, तितकं सगळं बदलतं. एकोणतीस मीटर असेल तर आधी पाणी पूर्ण उपसायला हवं, तळापासून थर द्यायला हवेत, प्रत्येक थरावर रोलर फिरवायला हवा. एवढं करूनही जमीन बसायला पुष्कळ पावसाळे द्यायला हवेत. आणि अशा भरावावर घर बांधायचंच नाही. हे मला तेव्हा येत नव्हतं असं नाही. हेच तर मी शिकलो होतो.

ऑफिसात आमच्या साहेबांनी ते पान पाहिलं. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हता. मुलाच्या दहावीची काळजी करणारा, सगळ्यांना वाढदिवसाला समोसे मागवणारा.

'वेडा झालायस का तू? मंजुरी अठराची आहे. एकोणतीस लिहिलंस तर उद्या खाण बंद. साठ माणसं आहेत तिथे. दिवाळी तोंडावर आलीय, कळतंय ना?'

'पण सर, भरताना...'

'भरताना बघू ना यार. पाण्याखाली कोण डोकावतंय? अठरा धर. आणि ऐक, या आराखड्यावर सही तूच कर. किती दिवस माझ्या सहीखाली काम करणार आहेस?'

मला कुणी पैसे दिले नाहीत. दिले असते तर ही कबुली सोपी झाली असती, एक ओळखीचा गुन्हा झाला असता. साठ माणसांची दिवाळी हे कारण मी पुढे स्वतःला कितीतरी वर्षं ऐकवलं. ते खोटंही नव्हतं. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात साठ माणसं नव्हती. सही होती.

अठरा लिहून झाल्यावर मी तो नकाशा जितक्या मन लावून पुरा केला, तितकं मन लावून पुढे काहीच केलं नाही. खाण बंद झाल्यानंतरची जमीन मी रंगीत पेन्सिलींनी काढली. तळाशी मोठे दगड, वर भरावाचे थर, त्यावर मुरूम. सगळ्यात वर ती माती, जी खाण उघडताना खरवडून एका बाजूला ढीग करून ठेवतात आणि शेवटी परत पसरतात. करंज, बहावा, पांगारा, शिसव. प्रत्येक झाडाला वेगळा हिरवा. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाण्याच्या निळ्या रंगाखाली मी अखंड कातळाची खूण काढली, बारीक तिरप्या रेघा. अकरा मीटर रेघा. माझं ड्रॉइंग चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

खंडेनवमीला खाणीवर सुरुंग लावत नाहीत. वर्षातला तो एक दिवस डोंगर शांत असायचा आणि मग कळायचं की इथे इतके पक्षी आहेत. आदल्या दिवशी ड्रिल मशीन, घण, पहारी धुऊन पुसून ठेवलेल्या. क्रशरच्या जबड्यावर झेंडूची माळ. डंपरच्या चाकाखाली लिंबं. मामांनी माझी पातळी मोजायची लेव्हल, माझी टेप मागून घेतली आणि पाटावर त्यांच्या काथ्याच्या दोराच्या शेजारी मांडली. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माझ्या खिशातली पेन्सिल दिसली तर म्हणाले, 'तां पण दी.' तिलाही लावलं. मग शिऱ्याचा द्रोण माझ्या हातात देत, अगदी सहज, त्यांनी विचारलं, 'लिवलंस मा?'

'हो मामा. लिहिलं.'

'बरां केलंस,' ते म्हणाले, आणि दुसऱ्याला द्रोण द्यायला वळले.

आराखडा आदल्या दिवशीच सरकारी कचेरीत पोचला होता. शिरा मी खाल्ला. तूप चांगलं होतं, वेलची घातलेली होती. इतक्या वर्षांनी ती चव आठवते, याचं मला कधीकधी स्वतःला भय वाटतं.

तीन-चार वर्षांनी खाण बंद झाली आणि भराव सुरू झाला. शहरात सगळीकडे जुन्या इमारती पाडून टॉवर उठत होते. त्या पाडलेल्या इमारतींचा चुरा, ज्याला इथे राबिट म्हणतात, टाकायला जागा लागत होती. डंपर रांगेने यायचे आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात काठावरून सरळ पाण्यात रिकामे व्हायचे. विटा, फरश्या, बाथरूमच्या निळ्या टाइल्सचे तुकडे, एकदा एका दाराची अख्खी चौकट. धप्प आवाज व्हायचा, पाणी उसळायचं, परत मिटायचं. पाण्यात रोलर फिरत नाही. भराव पाण्याच्या वर आला, कागदावरच्या अठरा मीटरच्या पातळीला पोचला, तेव्हा रोलर आला. कामाच्या वहीत 'थर पहिला' अशी नोंद झाली. पुढचे सगळे थर नियमाप्रमाणे दिले गेले. मी स्वतः तपासले. त्या पहिल्या थराच्या खाली अकरा मीटर सैल राबिट होतं आणि माझ्या नकाशात तिथे अखंड कातळ होता. ते मोजून पाहिलेली जगात दोनच माणसं होती.

खाणकामगारांची बावीस कुटुंबं पहिल्यापासून खाणीच्या कडेला राहत होती. खाण गेली, काम गेलं, निदान घर तरी पक्कं द्या, अशी त्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. रस्त्याकडच्या भागात बाग होणार होती, म्हणून घरांसाठी उरला दक्षिणेचा कोपरा. त्याची सभा भरली तीही याच दिवसांत. मांडवात पंखे गरम हवा फिरवत होते. मी नकाशाची गुंडाळी घेऊन पुढच्या खुर्चीवर बसलो होतो.

मामा उभे राहिले. 'हय घरां नको. ह्या कोपऱ्यात मी दोर सोडलेलो आसा. सोळा वाव. पाण्यात राबिट टाकलेला, ता बसाक वर्सां लागतली. उत्तरेक द्या.'

त्या कोपऱ्यात खणलेले जुने गडी केव्हाच गावी गेले होते. लोक अस्वस्थ झाले. मिळतंय ते हातचं जाईल ही भीती सगळ्यांच्या तोंडावर होती. मागून कुणीतरी म्हणालं, 'मुकादम, सकाळीच घेतलीत काय?' हशा झाला. कचेरीतून आलेले अधिकारी सभ्य होते. त्यांनी मामांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, 'नकाशा काय म्हणतो?'

मी गुंडाळी सोडली. कोपऱ्यांवर दोन हात ठेवले, पंख्याने उडू नये म्हणून.

'नकाशात अठरा मीटर आहे.'

यात एकही शब्द खोटा नव्हता. नकाशात अठराच होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते, ओरडले असते, तर मी कदाचित उठलो असतो. ते म्हणाले, 'बरां तर,' आणि खाली बसले. टॉवेल डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला.

त्या दिवसापासून त्यांचं नाव सोळा वाव पडलं. चहाच्या टपरीवर, 'काय सोळा वाव, कटिंग सांगू?' कुणी थाप मारली की, 'हा बघा, सोळा वाव सोडतोय.' मी साइटवर जात राहिलो, एक वर्षभर तरी. हे सगळं माझ्या कानावर पडायचं. मामा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. सायबा म्हणायचे. पण अरेतुरे थांबलं. 'बसा सायबानू,' म्हणायचे. 'चाय घेवा.' त्या आदराइतकं मला नंतर कुणीही लागेलसं बोललेलं नाही.

घरं झाली. मोठी उठावदार चाळ झाली, दारापुढे तुळशी, वर पत्र्याचे सज्जे. बागेत माझे बहावे मोठे झाले, चैत्रात लखलखून फुलतात. लोक फोटो काढतात. मी मात्र जातो तो पाऊस संपल्यावर. पावसाळ्यात भरावातलं पाणी वर चढतं, ऑक्टोबरात ते उतरतं आणि उतरताना खालची बारीक माती सोबत नेते. वरची जमीन थोडी आणखी बसते. दरवर्षी थोडी. भिंतीवरच्या भेगा मी रस्त्यावरून, कामाला निघालेल्या माणसासारखा चालत चालत पाहून येतो. बायको विचारते, 'दहिसरला अजून काय काम असतं तुमचं?' मी म्हणतो, 'जुनी साइट आहे.'

मामा गेले त्याला काही वर्षं झाली. फुप्फुसात दगडाची भुकटी साठली होती. निरोप आला होता. मी त्या दिवशी पवईला एका मीटिंगमध्ये होतो आणि ती मीटिंग रद्द करण्यासारखी नव्हती, असं मी ठरवलं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी शैला माझ्या ऑफिसात आली. बोरिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते. मी तिला परकरात पाहिलेली. आता चष्मा, खांद्यावर जड पिशवी, चाळीच्या समितीचं सगळं काम तिच्याकडे. आल्या आल्या मालवणी खाज्याचा पुडा टेबलावर ठेवला. 'आईने दिलाय. मालवणातून आलाय, कडक आहे, दात सांभाळा.' मग माझा जुना नकाशा काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, माझे सगळे हिरवे रंग करडे झालेले.

'काका, ही सही तुमची ना?'

'हो.'

'आमच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा आहेत. टोकाच्या दोन घरांत तर राहायला भीती वाटते. आम्ही अर्ज केला, दुसरीकडे हलवा म्हणून. इंजिनिअर येऊन गेले. ते म्हणतात, कागदावर अठरा मीटरचा भराव आहे, तो कधीच बसून झाला असणार. भेगा तुम्ही पोटमाळे चढवलेत म्हणून. आता खोली जास्त होती असा काहीतरी पुरावा दिला तरच पुढे सरकेल.' तिने पिशवीतून वही काढली. 'बाबा म्हणायचे ना, सोळा वाव. शाळेत मला सोळा वावाची पोरगी म्हणायचे, माहितीय? मी एकदा चिडून बाबांना म्हटलं होतं, पुरे करा हो आता ते. म्हणून विचारते. एक वाव म्हणजे किती मीटर हो?'

माझ्या मागच्या कपाटात, खालच्या खणात ते फील्डबुक होतं. तिथून चार फुटांवर.

मी म्हणालो, 'तसं काही नक्की माप नसतं गं ते. माणसामाणसावर असतं.'

तिने तेवढंही वहीत लिहून घेतलं, शिक्षकांच्या गोल अक्षरात. 'थँक यू काका,' म्हणाली.

पहिल्या वेळी माझ्यापाशी निदान वय होतं, साहेब होता, साठ माणसं होती. या वेळी माझ्यापाशी फक्त मी होतो. पन्नाशी ओलांडलेला, स्वतःची फर्म असलेला, कुणाच्याही सहीखाली काम न करणारा. माणूस वयाने शहाणा होतो यावर माझा विश्वास होता. तो त्या दुपारी गेला.

यंदा, तीन आठवड्यांपूर्वी, मी रस्त्यावरून न बघता आत चाळीत, मामांच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. ऊन रणरणत होतं, गटाराकडेला तेरडा वाळत होता. मामी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओळखलं.

'सायबानू, येवा. किती वर्सांनी. बसा, चाय टाकतंय.'

दार त्यांनी लोटलं तर मध्येच अडकलं. त्या हसल्या. 'तीन येळा तासून घेतलां. आता आणखी तासलां तर दार रवाचा नाय, फळी रवतली.'

भिंतीवर मामांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्याच्यामागून एक भेग निघून छतापर्यंत गेली होती. फोटो बहुतेक ती झाकायलाच तिथे लावला होता. मामी चहा देता देता त्याच्याकडे बघून, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं बोलल्या, 'जाताना पण ताच. सोळा, सोळा. मीच म्हटलंय, आता पुरे करा, लोक हसतत. मग गप रवले. शेवटचे चार दिवस काय बोलाकच नाय.'

मी चहा प्यायलो. 'येतो मामी,' म्हणालो.

मला तोवर वाटत होतं की मी एका खड्ड्याबद्दल खोटं लिहिलं. त्या खोलीत कळलं की मी एका माणसाचा शब्द त्याच्या घरातून काढून घेतला होता. बायकोने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, मुलीने ठेवला नाही, आणि तो मात्र अखेरपर्यंत बरोबर होता. जमिनीचं मी शिकलेलो आहे. सैल भराव पोलादी नळ्यांतून सिमेंट सोडून घट्ट करता येतो, घरं हलवता येतात, खर्च येतो, वेळ जातो, पण होतं. त्या शेवटच्या चार दिवसांत मामांनी जे गिळलं, त्याला माझ्या विद्येत काही उपाय नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी फील्डबुकाचं ते पान, सोबत माझं लेखी निवेदन, कचेरीत दिलं. मूळ खोली एकोणतीस मीटर होती, मोजणी मी आणि मुकादम तावडे यांनी केली होती, आराखड्यात मी जाणूनबुजून अठरा लिहिली. आवक खिडकीवरच्या बाईंनी पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. 'सुनावणी दिवाळीनंतर लागेल,' म्हणाल्या. माझा परवाना जाईल बहुधा. जावा. त्या पोचपावतीचा कागद खिशात घालून मी बाहेर आलो आणि मला खूप हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही. ऊन तेच होतं. समोरच्या इमारतीच्या पायासाठी कुणी तरी खणत होतं.

चार दिवस मी स्वतःची समजूत घातली की झालं, कबुली दिली. पण कागदावर जे केलं होतं तेवढंच कागदावर फिटलं. मांडवात, माणसांसमोर, तोंडाने जे केलं आणि माझ्या ऑफिसात शैलासमोर जे केलं, ते तसंच राहिलं. हे लिहितो आहे तेही पुन्हा कागदावरच, याची मला जाणीव आहे. बोलणं मला कधी जमलं नाही म्हणतो, पण त्या दिवशी मांडवात ते चार शब्द मी किती स्वच्छ बोललो होतो.

तावडेमामांचं देणं आता त्यांना देता येणार नाही. मामींना आणि शैलाला समोर बसून सांगणं बाकी आहे, की त्यांचा माणूस खरं बोलत होता आणि त्याला खोटं मी पाडलं. तेच बावीस घरांपुढे उभं राहून सांगणं बाकी आहे. आज हे लिहून होईपर्यंत मी गेलेलो नाही.